तीन हिरवे ठिपके

सई, चिन्मय,

गेल्या रविवारी फोनवर बोलता बोलता तुम्ही दोघं एकदम गप्प झालात, कारण माझ्या खांद्यामागून एक चेहरा पुढे आला आणि म्हणाला, "काय रे पोरांनो, वळख लागली काय?" चिन्मय, तू आईकडे वळून विचारलंस, ही कोण. आणि सई, आम्हाला ऐकू येणार नाही अशा समजुतीने तू पुटपुटलीस, "पडद्यामागची आजी." मला ऐकू आलं. तिलाही आलं, आणि ती हसली. त्या हसण्याच्या मागे केवढं काय होतं, ते तुम्हाला ठाऊक असावं असं मला वाटतं. आणि ते आत्ताच लिहून ठेवायला हवं, कारण सगळं ठाकठीक झालं की माणसाला मागचं विसरायची फार घाई होते. तुमच्या एडिंबरात या दिवसांत दुपारीच दिवे लागतात. त्या लवकर येणाऱ्या अंधारात बसून हे वाचा. मराठी वाचायला वेळ लागेल; लागू दे. अडेल तिथे आई सांगेल.

तो चेहरा अक्काचा. अक्का म्हणजे माझी मोठी बहीण, माझ्याहून दहा वर्षांनी मोठी. आमच्या बेळगावकडे मोठ्या बहिणीला अक्का म्हणतात, आणि बंगळूरला आल्यावर भाजीवाल्यापासून रिक्षावाल्यापर्यंत सगळेच तिला अक्का म्हणू लागले. त्यामुळे तिचं खरं नाव आता तिलाही क्वचितच आठवतं.

तिची आठवण आली की मला आधी चेहरा दिसत नाही, एक आवाज ऐकू येतो. नखाने कोवळं देठ खुडल्याचा आवाज. बेळगावच्या थंडीत धुकं अंगणात उतरून तुळशीपाशी रेंगाळत असे, आणि त्या पांढऱ्या, ओलसर स्तब्धतेत परकर सावरून, मांडीवर फडकं पसरून अक्का पायरीवर बसलेली असे. ती दूर्वा निवडत असे. दूर्वा म्हणजे गणपतीला वाहायचं साधं गवत; टोकाशी तीन पाती हवीत, आणि अशा एकवीस काड्यांची एक जुडी. गवताच्या ढिगातून नेमकी तीन पात्यांची काडी तिची बोटं न बघता शोधत, जसा सतार वाजवणाऱ्याचा हात न बघता पडद्यावर जातो. प्रत्येक काडी खुडताना एक बारीक 'टक्' व्हायचं, इतकं बारीक की ते ऐकायला आपला श्वास धरावा लागे. मी पांघरुणातून ते ऐकत असे, आणि माझ्या लेखी सकाळ त्या आवाजाने होत असे, उजेडाने नव्हे.

तिच्या हनुवटीवर तीन हिरवे ठिपके आहेत. गोंदणारीण दारी आली तेव्हा अक्का आठेक वर्षांची होती. सुया टोचून घेताना ती रडली नाही, असं आई अभिमानाने सांगायची. माझी वेळ येईपर्यंत काळ बदलला होता. मला इंग्रजी शाळेत घातलं होतं आणि तिथल्या सिस्टरांना हे चालणार नाही, म्हणून माझी हनुवटी कोरीच राहिली. मी इंग्रजी कविता पाठ केल्या, पदवी घेतली, पुढे कितीतरी वर्षं शाळेत शिकवलं. पण त्या तीन ठिपक्यांचा हेवा माझ्या मनातून पूर्ण कधीच गेला नाही. दूर्वेच्या तीन पात्यांनी तिच्या चेहऱ्यावर सही करून ठेवावी, तसे ते दिसत.

चिन्मय, तुझा त्या ठिपक्यांशी जुना व्यवहार आहे. तू दीड वर्षाचा होतास. इथे, इंदिरानगरच्या घरी, अक्काच्या मांडीवर बसून तू तिच्या हनुवटीवर बोट दाबायचास. डावा ठिपका दाबला की ती कुकरची शिट्टी द्यायची, उजवा दाबला की कावळा ओरडायचा, आणि मधला दाबला की ती डोळे मिटून पूर्ण गप्प व्हायची. तुला मधलाच सर्वांत आवडायचा. तू तो दाबायचास, आणि ती पुन्हा डोळे उघडेपर्यंत श्वास रोखून तिच्याकडे बघत राहायचास. तुला यातलं काही आठवणार नाही. म्हणून मी आठवण करून देते आहे.

भावजी गेल्यावर ती आमच्याकडे राहायला आली. गावचं घर बंद केलं, एक ट्रंक आणि पितळेचा गणपती घेऊन आली. तुमच्या आजोबांनी सरकारी कारखान्यात नोकरीला असताना हे घर बांधलं, तेव्हा समोर आणि मागे मोकळे प्लॉट होते आणि रात्री कोल्हे ओरडत; आता सभोवती उपाहारगृहांचे दिवे आहेत. तरी मागच्या गल्लीत एक प्लॉट तसाच पडून होता, भावंडांच्या भांडणात अडकलेला. अक्काने आल्या आठवड्यातच तो हेरला. तिथे दूर्वा होती. रोज सकाळी स्वेटर घालून, हातात वेताची परडी घेऊन ती त्या रानात शिरायची. बंगळूरचं सकाळचं ऊन तापत नाही, नुसतं उजळतं. ते लोण्यासारखं तिच्या खांद्यांवर पसरलेलं असायचं. परतताना कोपऱ्यावरच्या इस्त्रीवाल्याशी, पेपरवाल्याशी, कुणाच्या तरी नातवाशी दोन शब्द. ती उजेडातली बाई होती. दिवा लागलेल्या खोलीपेक्षा दार उघडं असलेल्या खोलीत बसणारी.

आजार एखाद्या ऋतूसारखा आला. रस्त्यावरची झाडं गुलाबी फुलांनी लवथवून जातात त्या दिवसांत तिच्या पापण्या सुजल्या. मग मानेच्या दोन्ही बाजूंना, कोपराच्या घडीत खाज. पाऊस पडू लागला तसं ते वाढलं, थंडीत उतरलं, आम्ही सुटकेचा निःश्वास टाकला, आणि पुढल्या वर्षी ते अधिक सामानसुमान घेऊन परत आलं, राहायच्या बेताने. चेहऱ्याची कातडी जाड आणि काळपट झाली. कपाळावर आडव्या घड्या पडल्या, जणू कुणी तो चेहरा गुंडाळून ठेवायला घेतला होता. उन्हात गेली की जळजळ दुप्पट होई. एका डॉक्टरांनी मलम दिलं, दुसऱ्यांनी वेगळं मलम दिलं. उन्हाचं वावडं आहे, ऊन टाळा, हे दोघांनीही सांगितलं. ते खोटं नव्हतं. पण ते अर्धंच होतं, हे फार उशिरा कळलं.

तेव्हा ऊन टाळलं. पॅसेजच्या टोकाच्या खोलीला आजोबांनी जाड निळा पडदा लावून दिला, खिडकीला एक आणि दाराला एक. मी शिस्तीची बाई. मलमांच्या वेळा लावल्या, टोपी आणली, पूर्ण बाह्यांचे ब्लाऊज शिवून घेतले. अक्का बाहेर जायची थांबली. तरी आजार थांबला नाही. हळूहळू हनुवटी इतकी जाडावली आणि काळवंडली, की ते तीन ठिपके दिसेनासे झाले. मी मलम लावताना ते शोधायची. तळ्याच्या गढूळ पाण्यात पडलेलं नाणं शोधावं तसं.

एकदा शेजारच्या भजनाला मी तिला ओढून नेलं. ती बसली, तशी शेजारच्या बाईंनी आपली चटई हळूच वीतभर पलीकडे सरकवली. अक्का टाळ वाजवत राहिली. पण घरी आल्यावर तिने आपलं ताट आणि आपलं फुलपात्र मांडणीवरून उचललं आणि खोलीत नेऊन ठेवलं.

"हे काय करतीस?" मी विचारलं.

"महारोग हाय गं हा," ती शांतपणे म्हणाली. "आपल्या गल्लीतल्या म्हातारीला झालता, तिचं तोंड असंच झालतं. तू लहान होतीस, तुला आठवत न्हाई."

मी तिला पुस्तकातलं सांगितलं, की कुष्ठरोगावर औषध आहे, तो बरा होतो, असा सहजासहजी पसरतही नाही. तिने सगळं ऐकून घेतलं. ताट मात्र परत ठेवलं नाही.

त्या उन्हाळ्यात तुम्ही दोघं आला होतात. तुम्हाला आठवतो तो निळा पडदा, आणि त्याच्या बाहेर ठेवलेलं स्टूल. स्टुलावर रोज दुपारी बेसनाचे दोन लाडू असत. पडदा हलायचा, कापडात गुंडाळलेला एक हात बाहेर यायचा, वाटी ठेवायचा आणि आत जायचा. सई, तू त्या हाताचं चित्र काढलं होतंस. ते मी कपाटात उलटं करून ठेवलं. तुम्ही पॅसेजमध्ये खेळत असताना ती पडद्यामागे पलंगावर बसून तुमचा आवाज ऐकत असे. मी एकदा आत गेले तेव्हा चिन्मय बाहेर कुकरच्या शिट्टीची नक्कल करत होता, आणि ती स्वतःच्या हनुवटीवर बोट दाबून, डोळे मिटून बसली होती.

तुम्ही गेल्यावर ती मला म्हणाली, "सुमा, पुढल्या खेपेला पोरं यायच्या आदी मला गावी सोड. तिथं मी एकटी ऱ्हातो. ती पडद्याकडं बघत बघत जेवत्यात, मला सोसत न्हाई." तिने ट्रंक पलंगाखालून बाहेर ओढली होती. तिच्यात दोन साड्या घडी करून ठेवलेल्याही होत्या. मी ट्रंक परत आत ढकलली, पण तिने एकदा ठरवलं की ठरवलं, हे मला गोंदणाच्या सुईच्या गोष्टीपासून माहीत होतं. तुमचं पुढलं येणं आणि तिचं जाणं, यांच्या मधे जो काही वेळ होता, तेवढाच माझ्या हातात होता.

के. आर. पुरमला त्वचारोगाच्या एक डॉक्टरबाई आहेत असं आजोबांच्या जुन्या सहकाऱ्यांनी सुचवलं. अक्काला टॅक्सीत बसवायलाच दोन दिवस समजूत घालावी लागली. डोक्यावरून शाल ओढून, मान खाली घालून ती सगळा रस्ता बसली. दवाखाना रेल्वेलाइनच्या बाजूला, वरच्या मजल्यावर. गाडी गेली की खिडकीची तावदानं थरथरायची. डॉक्टरबाई वयाने माझ्या मुलीएवढ्या, आवाज खणखणीत. त्यांनी पहिलं काम केलं ते खिडकीचा पडदा सारण्याचं. "अज्जी, मला उजेडात बघू द्या स्वल्प," त्या म्हणाल्या, आणि अक्काचा चेहरा त्यांनी दोन्ही हातांत धरला. हातमोजे न घालता. कितीतरी दिवसांनी माझ्याखेरीज कुणीतरी त्या चेहऱ्याला हात लावला होता. अक्काचे डोळे मिटले, मधला ठिपका दाबल्यासारखे.

मग त्यांनी कापसाची बारीक वात केली. डोळे मिटून बसा, स्पर्श झाला की बोट दाखवा. गालावर, कपाळावर, मनगटावर, पायावर. अक्काचं बोट दर वेळी नेमक्या जागी गेलं, गवतात काडीवर जायचं तसं. कोपरामागची नस त्यांनी चाचपून पाहिली, कानाच्या पाळ्या पाहिल्या. "कुष्ठ नाही," त्या म्हणाल्या. "कातडीला सगळं कळतंय. उलट जरा जास्तच कळतंय. कशाचा तरी संसर्ग नव्हे, कशाचा तरी राग आहे हा. तो कशाचा, ते शोधायचं." त्यांनी आम्हाला गृहपाठच दिला: दिवसभरात अज्जी ज्या ज्या वस्तूला हात लावतात, ती प्रत्येक वस्तू पुढल्या वेळी पिशवीत घालून आणा. झाडंझुडपं? बागकाम? "छे," मी म्हटलं, "ती खोलीबाहेरसुद्धा पडत नाही." खाजवलेल्या जागी थोडा पू झाला होता, त्याचं औषध दिलं.

ती पिशवी मी फार नीट भरली. साबण, खोबरेल, केसांचं तेल, पावडर, भांड्यांचा साबण, मलमं, चष्म्याची दांडी, रबरी चपला, बेसनसुद्धा. देवघरातलं मात्र काही त्या पिशवीत गेलं नाही. जाणारच नव्हतं. आमच्याकडे वस्तू असतात, आणि देवाचं असतं. देवाच्या ताटातल्या वस्तूवरही संशय घ्यायचा असतो, हे आम्हा दोघींच्या, किंवा आमच्या आईच्याही, स्वप्नात आलं नसतं.

दुसऱ्या भेटीच्या दिवशी संकष्टी होती, गणपतीच्या उपासाची चतुर्थी. मी टेबलावर पिशवीतल्या वस्तू एकेक करून मांडत होते. डॉक्टरबाई प्रत्येक उचलून बघत होत्या, मान हलवत होत्या. तेवढ्यात अक्काने पदराआडून केळीच्या पानाची एक पुरचुंडी काढली. त्या दोघी आपसात कन्नड बोलत. मी ते तुमच्यासाठी मराठीत लिहिते.

"रागावू नकोस," अक्का म्हणाली. "मागल्या वेळी बघितलं, तुझ्या टेबलावरच्या गणपतीला प्लॅस्टिकचं जास्वंद आहे. एवढी शिकलेली बाई तू!"

"काय करू अज्जी, वेळ मिळत नाही."

"देव काय सोनं मागतो? गवत मागतो. घे, आज चतुर्थी आहे."

डॉक्टरबाईंनी पुरचुंडी उघडली. "गरिके!" दूर्वेला कन्नडमध्ये गरिके म्हणतात. "आमची आजी गेल्यापासून इतकी देखणी जुडी बघितली नाही. कुणी निवडली?"

"मी. दुसरं कोण? आमच्या सुमाला एकवीस मोजता येतात, पण मधे काय शिरलंय ते तिला दिसत नाही."

"काय शिरतं मधे?"

"सगळा कचरा की. फुलवाली गल्लीतल्या प्लॉटमधून मूठभर कापून आणते, तिला कुठली दूर्वा आणि कुठलं काय? गाजराच्या पाल्यासारखं एक मेलं असतं, वर बारीक पांढरी फुलं. तेच सगळ्यात जास्त. ते मी आधी एकेक करून वेचून टाकते, मग दूर्वा घेते. देवाला घाण कशी वाहायची?"

डॉक्टरबाईंनी पेन खाली ठेवलं. "हे कधी करता?"

"रोज सकाळी."

"कुठे?"

"खोलीत. पडदा ओढून, पंख्याखाली. मला उन्हात जायचं नाही ना!"

बाहेरून एक गाडी धडधडत गेली. मग डॉक्टरबाई माझ्याकडे वळल्या, "आणि तुम्ही म्हणालात झाडंझुडपं नाहीत!"

"झाडंझुडपं कुठली?" अक्का मधेच म्हणाली. "देवाचं आहे ते."

डॉक्टरबाई हसू लागल्या. ते थट्टेचं हसणं नव्हतं. अडकलेली खिडकी एकदाची सुटावी तसं ते होतं. त्या पाल्याला गाजर गवत म्हणतात, तुमच्या आईला विचारा, आपल्याकडे ओसाड जागी ते माजतं. त्याची बारीक धूळ हवेतून उडते, आणि ज्याच्या त्वचेला एकदा त्याचा राग आला, त्याच्या चेहऱ्यावर, मानेवर, पापण्यांवर ती अशीच पेटते. पुढे पुढे मग ऊनही सोसत नाही. वर्षानुवर्षं प्लॉटमध्ये हिंडून अक्काची कातडी ते गवत ओळखायला शिकली होती. आणि आम्ही काय केलं, तर उन्हाला दाराबाहेर उभं केलं, आणि चोराला रोज सकाळी तिच्या मांडीवर आणून बसवलं. देवाला निर्मळ वाहायचं म्हणून ती जेवढी निगुतीने निवडत होती, तेवढी अधिक भाजत होती.

अक्काने मात्र यातलं एकच ऐकलं. तिने पुरचुंडीवर हात ठेवला. "म्हणजे गणपतीला दूर्वा वाहायची नाही?"

"गरिके बिचारी निर्दोष दिसते," डॉक्टरबाई म्हणाल्या. "तिची संगत वाईट. तरी आपण तपासून बघू."

"संगतीचं म्हणशील तर," अक्का माझ्याकडे बोट करून म्हणाली, "ही पण घरातच आहे."

तपासणी अशी, की संशयितांचे इवलेसे थेंब चिकटपट्टीवर घेऊन त्या पट्ट्या पाठीवर लावायच्या आणि काही दिवस थांबायचं. पाठ ओली करायची नाही. आजारापेक्षा अक्काला हेच जड गेलं. "पारोशी देवाजवळ कशी जाऊ?" ती सकाळ-संध्याकाळ विचारी. शेवटी मीच तिचे हातपाय धुऊन देई, आणि ती देवघराच्या उंबऱ्याबाहेर बसून गणपतीची माफी मागे. ट्रंक अजून पलंगाखाली होती, आणि तिच्यातल्या साड्या अजून तिच्यातच होत्या. माझ्या मनात एकच भीती होती, की पाठीवर काहीच उमटणार नाही.

पट्ट्या काढल्या त्या दिवशी डॉक्टरबाई बराच वेळ पाठ बघत राहिल्या. मग माझा फोन मागून घेऊन त्यांनी छायाचित्र काढलं आणि फोन अक्काच्या हातात दिला. अक्काने चष्मा लावला. स्वतःची पाठ तिने आयुष्यात पहिल्यांदाच पाहिली असेल. शेताच्या वाफ्यांसारखे चौकोन आखलेले होते. साबण कोरा, तेल कोरं, दूर्वा कोरी, आणि एका चौकोनात, फक्त एकाच, गाजर गवताच्या, लालभडक सुजलेला ठसा.

"एवढंच?" अक्का म्हणाली.

"एवढंच," डॉक्टरबाई म्हणाल्या.

त्या एका शब्दात केवढी जागा होती, मुलांनो! त्यात चटई परत जवळ सरकत होती, ट्रंक रिकामी होत होती, निळा पडदा खाली येत होता. मी मोठमोठे शब्द शिकवण्यात जन्म घालवला. पण त्या दुपारच्या 'एवढंच'इतका मोठा शब्द मी कुणाला शिकवला नाही.

खाली उतरलो तर रस्त्यावर उभ्याने खायचं एक उपाहारगृह होतं. अक्का थांबली. "कॉफी घेऊया. बाय टू." इथे एका कॉफीचे दोन भाग करून मागायची रीत आहे, दोघांत एक. दोन छोटे ग्लास आले. अक्काने डोक्यावरची शाल मागे सारली, आपल्या ग्लासातले दोन घोट घेतले आणि उरलेली कॉफी, माझ्याकडे न बघता, माझ्या ग्लासात ओतली. इतके दिवस आपलं फुलपात्र वेगळं धुणारी माझी बहीण. मी ती कॉफी प्यायले. इतकी गोड कॉफी मी एरवी पीत नाही.

त्यानंतरचं सगळं संथ आहे. बरं होणं हे उजाडण्यासारखं असतं, कोणत्या क्षणी झालं ते दाखवता येत नाही. सुरुवातीला सूज उतरवणाऱ्या गोळ्या, मग शरीराच्या अतिसावध राखणदाराला जरा डुलकी आणणारी दुसरी गोळी, आणि ती चालू असेपर्यंत अधूनमधून रक्ताची तपासणी. वाऱ्याच्या दिवसांत खिडक्या बंद. बाहेर जाताना पांढरं मलम, ज्याच्याबद्दल अक्काचं मत असं, की "लग्नात हळद लावली न्हवती येवढी, ती ह्या वयात लावून घेतो मी." फुलवालीला मी दोन शब्द सुनावणार होते, पण अक्काने ते होऊ दिलं नाही. फुलवाली अजून येते. फक्त फुलं आणते. कोरी निघालेली दूर्वा आजोबांनी गच्चीवर टाकीजवळच्या पसरट कुंडीत लावली, चाळलेल्या मातीत, जिथे दुसरं काही उगवलं तर लगेच दिसावं. पहिले काही महिने ती मी खुडत होते. अक्का जिन्यात सावलीला बसून सूचना देई: "ती न्हवं गं. तीन पातीची. तीन! इंग्रजी शाळेत मोजायला शिकीवलं न्हाई काय?"

मलम लावताना मी ठिपके शोधतच होते. कातडी हळूहळू मऊ पडली, कपाळाच्या घड्या उलगडल्या. मग एका सकाळी, दसऱ्याच्या आसपास, तिरप्या उजेडात हनुवटीच्या डाव्या कडेला काहीतरी निळसर हिरवं झळकलं. मी अंगठ्याने पुसून पाहिलं. पुसलं गेलं नाही. मी ते नुसतं बोटाने दाबलं. आणि मग तिच्या मिटल्या ओठांतून कुकरची शिट्टी आली, जरा फाटकी, पण शिट्टीच. आजोबा स्वयंपाकघरातून धावत आले, काय उतू गेलं म्हणून.

आता मागच्या गल्लीतल्या त्या प्लॉटवर काचेची इमारत उभी आहे. दूर्वाही गेली, गाजर गवतही. डॉक्टरबाई म्हणतात, अज्जी पूर्ण बऱ्या झाल्या असं मी म्हणणार नाही, त्या सांभाळून आहेत. त्वचा एकदा शिकलेलं सहसा विसरत नाही. मानेच्या कडेला एक करडी सावली राहिली आहे, संध्याकाळ भिंतीवर राहून जाते तशी. पडद्यामागे गेलेली वर्षं कुणी परत आणून दिलेली नाहीत, आणि सई, तुझ्या चित्रातला तो हात हेही खरं आहे. ते चित्र मी आता सुलटं करून ठेवलं आहे.

हे लिहिते आहे तेव्हा वर गच्चीवर, रुंद काठाची टोपी घालून, अक्का कुंडीपाशी बसली आहे. खिडकी उघडी आहे, पण इतक्या लांबून नखाचा तो आवाज ऐकू येत नाही. माझे कानही आता म्हातारे झाले. तरी मी श्वास धरून बसते, आणि तो येतो. कातडीला वैर आठवतं, तशी आठ वर्षांच्या मुलीने न रडता टोचून घेतलेली सुईही आठवते. जे गेलं ते गेलंच, पण काळाने झाकलेलं सगळंच त्याने पुसलेलं नसतं. चिन्मय, उन्हाळ्यात येशील तेव्हा दाबून बघ. डावा आहे, उजवा आहे, मधलाही आहे.